सत्तावीस नंबरची लाइन

बुद्धप्रिया सोनकांबळे पाच वर्षं समुद्राखालच्या चिखलावर काम करत होती आणि ते सगळं काम तिनं नांदेडमधल्या एका कॉलेजच्या दुसऱ्या मजल्यावर बसून केलं. खिडकीतून सायकल स्टँड दिसायचा आणि त्यापलीकडं एक झेरॉक्सचं दुकान. समुद्र तिनं शाळेच्या सहलीत एकदा पाहिला होता, तोही संध्याकाळी अर्धा तास.

तिचे वडील आनंदराज उदगीर स्टेशनावर पॉइंट्समन होते, गाड्यांसाठी रूळ बदलायचे. पोरगी एम.एस्सी.ला पहिली आली तेव्हा त्यांना विषयाचं नाव धड सांगता यायचं नाही. भूभौतिकी हा शब्द त्यांच्या तोंडात बसायचा नाही. पोरगी जमिनीच्या पोटातलं शिकायलीय, असं ते सांगायचे. ऐकणारा लगेच विचारायचा, मग भूकंप कधी होणार ते सांगंल का? लातूर जिल्ह्यात हा प्रश्न थट्टेचा नसतो. चाळिशीपुढचा माणूस तो मनापासून विचारतो. बुद्धप्रिया सांगायची की ते आधी कुणालाच कळत नाही. मग लोकांचा तिच्यातला रस संपायचा.

तिला नांदेडला बोलावलं ते डॉ. राघवेंद्र मुखेडकरांनी. साठीला टेकलेला, मृदू बोलणारा, पांढराशुभ्र हाफ शर्ट घालणारा माणूस. विद्यार्थ्याला कधी आवाज चढवून बोलणार नाहीत, कुणाच्या घरी कुणी वारलं तर हमखास जाऊन येणार. त्यांना दिल्लीहून एक प्रकल्प मिळाला होता. आंध्रच्या किनाऱ्यासमोर, खोल पाण्यात, पूर्वी जहाजांनी नोंदवलेल्या लहरी पुन्हा तपासायच्या आणि तळाखाली गॅस हायड्रेट किती आहे त्याचा अंदाज द्यायचा. गॅस हायड्रेट म्हणजे बर्फच, पण त्याच्या आत मिथेन वायू कोंडलेला. खोल पाण्याचा दाब आणि थंडी असेपर्यंत तो चिखलात गोठून बसतो. वर काढून काडी लावली तर बर्फ पेटतो. सरांनी पहिल्याच दिवशी तिला सांगितलं होतं की हा चिखल आपल्याच गोदावरीनं नेऊन टाकलाय, त्यामुळं तो तपासायचा पहिला हक्क नांदेडचा. बुद्धप्रियाला ते ऐकून फार बरं वाटलं होतं.

खोलीत दोघंच काम करायचे, ती आणि गंधार. गंधारचे वडील नांदेडलाच शिक्षक होते. तो हुशार होता, आळशी होता आणि स्वभावानं गोड होता. दुसऱ्या वर्षी एका जहाजावर सहा आठवडे एका संशोधकाला पाठवायचं होतं, तेव्हा सरांनी गंधारला पाठवलं. जहाजावर मुलीची सोय नीट नसते, असं ते म्हणाले. ते खोटं होतं हे तिला नंतर कळलं, कारण त्याच जहाजावर गोव्याच्या दोन मुली होत्या. गंधारनंच परत आल्यावर त्यांचे फोटो दाखवले.

तिनं त्याचं वाईट वाटून घेतलं, आणि मग कामात डोकं घातलं. काम तिला मनापासून आवडायचं. जहाज सरळ रेषेत चालतं, त्या रेषेला लाइन म्हणतात. जहाजामागं पाण्यात एक हवेची बंदूक ओढलेली असते. ती ठरावीक अंतरानं दाबलेली हवा सोडते. तो धक्का खाली जातो, तळावर आपटून थोडा परत येतो, उरलेला चिखलात शिरतो आणि आतल्या एकेका थरावरून परत येत राहतो. मागं काही किलोमीटर लांब केबल तरंगत असते, ती हे सगळं ऐकते. कुठली लहर किती वेळानं परत आली यावरून ती कुठल्या थरातून किती वेगानं गेली ते काढायचं. चिखलात हायड्रेट असेल तर चिखल कडक होतो, लहर वेगानं पळते. मोकळा वायू असेल तर ती एकदम मंदावते. हायड्रेटचा थर जिथं संपतो तिथून एक ठळक प्रतिध्वनी येतो. पडद्यावर तो समुद्रतळाच्या रेघेला समांतर, तिच्याखाली दुसरी रेघ ओढल्यासारखा दिसतो. त्या रेघेवर जगभरचे लोक भाळतात.

सत्तावीस नंबरच्या लाइनवर ती रेघ इतकी ठळक होती की सरांनी तिचा मोठा प्रिंट काढून केबिनमध्ये लावला होता.

वेग काढायचं काम बुद्धप्रियाकडं आलं. संगणकावर प्रत्येक ठिकाणासाठी रंगांचे डाग उमटतात. डाग जिथं सगळ्यात गडद तिथला वेग टिपायचा. खोल गेलं की डाग लांबट होतो, मग माणसाच्या नजरेवर येतं. शिवाय टिपलेला वेग पाण्यासकट सगळ्या थरांचा सरासरी असतो, त्यामुळं पाणी एवढं खोल असताना टिपलेल्या आकड्यात पस्तीस-चाळीसची ढकल दिली की खालच्या थराचा वेग अडीचशेनं वाढतो. म्हणून हे काम घाईचं नव्हतं. तिनं तीन आठवडे लावले. रेघेच्या वरच्या चिखलातला लहरीचा वेग सेकंदाला सोळाशे मीटरच्या आसपास आला. म्हणजे साधा चिखल. हायड्रेट असलंच तर नावापुरतं. रेघेखाली मात्र वेग खूप पडला होता. तिला चटकन उमगलं, की रेघ ठळक आहे ती खालच्या थोड्याशा वायूमुळं. थोडा वायूही लहर मंदावायला पुरतो. वरती खजिना वगैरे काही नाही.

तिनं आधी गंधारला दाखवलं. त्यानं दोन-चार डाग स्वतः उघडून पाहिले.

"बरोबर आहे तुझं," तो म्हणाला. "पण सरांना आवडणार नाही."

सरांनी शांतपणे ऐकून घेतलं. समुद्राचा डेटा आहे, गोंगाट फार असतो, परत बघ, एवढंच म्हणाले. तिनं आठवडाभर परत पाहिलं. पाच-दहाच्या फरकानं तेच आकडे आले. दुसऱ्यांदा गेली तेव्हा सरांनी चहा मागवला. शेजारच्या सगळ्या लाइनींवर वेग वाढलेला आहे, एकट्या सत्तावीसवरच काय झालं, असं त्यांनी विचारलं. शेजारच्या लाइनी आधीच्या विद्यार्थ्यांनी टिपलेल्या होत्या. त्यांनाही असंच परत पाठवलं असेल का, हे तिच्या मनात आलं, पण ती बोलली नाही. खालच्या थोड्या वायूनंही रेघ ठळक येते, एवढं तिनं सांगितलं. ते मलाही माहीत आहे, असं सर हसून म्हणाले.

तिसऱ्यांदा त्यांनी आकडे पाहिलेच नाहीत.

"तुझा थीसिस कधी द्यायचा विचार आहे?" त्यांनी विचारलं.

"जूनपर्यंत द्यायचा आहे, सर."

"मग हे एवढं एकदा निवांत बघून घे. मनात आधीच काही धरून बसू नकोस. आणि फाइल एकच ठेव, उगाच दोन-दोन आवृत्त्यांचा गोंधळ नको."

त्या दिवशी दुपारी बुद्धप्रियानं सत्तावीस नंबरची लाइन पुन्हा उघडली आणि प्रत्येक डागाच्या मधोमध टिपण्याऐवजी उजव्या कडेला टिपलं. कडेलाही रंग होताच. मी डागाबाहेर गेले नाही, असं ती स्वतःला सांगत राहिली. सरांनी तिला खोटं कर असं कधीच म्हटलं नव्हतं. पुढं कितीतरी दिवस तिनं ते तिन्ही संवाद आठवून पाहिले. बोट ठेवावं असं एकही वाक्य सापडलं नाही. चार तासांत काम झालं. थराचा वेग अठराशे पन्नास आला. नव्या आकड्यांनी जुने पुसले गेले. फक्त तिच्या दोनशे पानी वहीत डाव्या बाजूला पहिले आकडे राहिले आणि उजव्या बाजूला तिनं त्याच पेननं नवे लिहिले.

गंधार शेजारीच होता. त्यानं पडद्याकडं पाहिलं आणि तो तिच्यासाठी चहा घेऊन आला.

अहवाल गेला. वर्तमानपत्रात बातमी आली की मराठवाड्याच्या संशोधकांना समुद्राखाली इंधनाचा मोठा साठा दिसला. लातूरच्या एका शिक्षक संघटनेनं सरांचा सत्कार ठेवला. सरांनी बुद्धप्रियाला आवर्जून सांगितलं, आईवडिलांना घेऊन ये. आनंदराज इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले, आई नागुबाई ठेवणीतलं लुगडं नेसून आली. दोघं चौथ्या रांगेत कडेला बसले. भाषणाच्या शेवटी सर थांबले, त्यांनी बुद्धप्रियाला मंचावर बोलावलं आणि माइकवरून सांगितलं, "लोक मला श्रेय देतात. पण यातला एकेक आकडा या मुलीचा आहे. मी फक्त सही केली."

टाळ्या बराच वेळ वाजल्या. आनंदराज उभे राहून वाजवत होते. कुणीतरी त्यांनाही हार घातला. परतीच्या एसटीत ते हार मांडीवर नीट धरून बसले होते. बुद्धप्रिया खिडकीबाहेर तोंड करून बसली होती. आईला वाटलं गाडी लागली. तिनं पिशवीतून लिंबू काढून दिलं.

त्यानंतर दीड वर्षानं ड्रिलिंगचं जहाज आलं. पाच जागा ठरल्या होत्या, त्यात एक सत्तावीस नंबरच्या लाइनवरची. अहवालातला अठराशे पन्नास पाहूनच ती निवडली होती. गंधार तेव्हा जहाजावरच्या एका गटाच्या संपर्कात होता. त्यानं तिला सांगितलं की तिथल्या नळीतून चिखल वर आला, तो नुसता चिखल होता. हायड्रेट वितळलं की चिखलातलं पाणी गोडं होतं. हे पाणी जवळजवळ समुद्राइतकंच खारट निघालं. रेघेखाली थोडा वायू होता. वर, चिखलातल्या पोकळीच्या शेकडा चार भागसुद्धा हायड्रेट नव्हतं.

"तुझं पहिलं होतं ना, तेवढंच," गंधार म्हणाला.

तिला त्या क्षणी आनंद झाला. ही गोष्ट तिनं नंतर कुणालाच सांगितली नाही. आपले डोळे बरोबर होते याचा लख्ख आनंद झाला, आणि मग तिला वहीतले उजवीकडचे आकडे आठवले.

दिल्लीहून चौकशी समिती नांदेडलाच आली. तीन जण होते, तिघंही सभ्य. कॉलेजच्या मीटिंग हॉलमध्ये लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, काजूची बशी. सरांनी लेखी निवेदन दिलं होतं, ते अध्यक्षांनी वाचून दाखवलं. वेगाचं सगळं विश्लेषण प्रकल्पातील संशोधिका बुद्धप्रिया सोनकांबळे यांनी स्वतंत्रपणे केलं. त्यांच्या कौशल्यावर माझा पूर्ण विश्वास होता, तो मी जाहीर कार्यक्रमातही व्यक्त केला आहे, सोबत बातमीचं कात्रण जोडलं आहे. विश्वास ठेवण्यात चूक झाली असल्यास ती माझी. वाचून झाल्यावर सरांनी खाली पाहिलं. ते दुःखी दिसत होते, आणि बुद्धप्रियाला वाटलं की ते खरोखरच दुःखी असावेत.

तिनंही निवेदन आणलं होतं. दोन रात्री जागून लिहिलेलं. त्यात पहिलंच वाक्य होतं, हे आकडे मी टिपले आहेत. पुढं सविस्तर लिहिलं होतं की आधी कोणते टिपले होते, कुठल्या तारखांना सरांकडं गेले, काय बोलणं झालं, आणि मग मी ते का बदलले. माझी चूक ही की मी बदलले, असंही स्पष्ट लिहिलं होतं. वही पुढं ठेवली. एका सदस्यानं पानं उलटली आणि सौम्यपणे विचारलं, ही डावीकडची पानं चिखल वर आल्यानंतर लिहिलेली नाहीत हे कशावरून? पहिली फाइल होती का? नव्हती. कुणी पाहिली होती?

"गंधारनं पाहिली होती," ती म्हणाली.

गंधारला आत बोलावलं. तो खुर्चीच्या टोकावर बसला. त्याची त्या महिन्यात सहायक प्राध्यापकाच्या जागेसाठी मुलाखत होती आणि मुलाखतीच्या मंडळावर सर होते. हे टेबलाभोवतीच्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

"आमच्यात रोजच चर्चा व्हायची, सर," तो अध्यक्षांना म्हणाला. "नेमके आकडे कोणते होते ते आता आठवत नाही."

त्यानं तिच्याकडं पाहिलं नाही. मीटिंग हॉलबाहेर आल्यावर मात्र तो तिची वाट पाहत थांबला होता. ती दुसऱ्या जिन्यानं उतरून गेली.

समितीनं तिच्या निवेदनातलं पहिलं वाक्य घेतलं आणि उरलेलं सोडून दिलं. हेतू वाईट नव्हता, अनुभव कमी पडला, असा निष्कर्ष निघाला. पुढच्या प्रकल्पात तिला घेऊ नये, एवढीच शिफारस होती. पण जूनमध्ये द्यायचा थीसिस सरांच्या दुरुस्त्यांत लांबत गेला होता आणि त्याचं तिसरं प्रकरण सत्तावीस नंबरच्या लाइनवर उभं होतं. वादग्रस्त माहितीवरच्या थीसिसवर मला सही करता येणार नाही, असं सरांनी कळवलं. दुसरा मार्गदर्शक शोधावा तर त्या विषयाचं जवळपास कुणी नव्हतं. पीएच.डी.च्या नोंदणीची मुदत सरली. तिनं मुदतवाढीचा अर्ज केला, तो कुठल्या तरी टेबलावर राहिला, आणि सात महिन्यांनी उत्तर आलं की मुदत सरली आहे.

ती लातूरला गेली. तिथं डॉक्टर, इंजिनिअर व्हायला आलेली हजारो पोरं खोल्या करून राहतात आणि फिजिक्सच्या मास्तरांची कायम चणचण असते. शिवशंकर नावाच्या क्लासचालकानं तिला एका तासाच्या नमुना शिकवणीवर ठेवून घेतलं. त्याला चौकशीबद्दल काहीच माहीत नव्हतं. त्यानं चौकात फलक लावला, त्यावर तिचा फोटो आणि खाली लिहिलं, 'सागरी संशोधनातील शास्त्रज्ञ आता लातूरमध्ये'. तिनं तो काढायला सांगितलं. ॲडमिशनचा सीझन संपू द्या मॅडम, असं शिवशंकर म्हणाला.

ती चांगलं शिकवायची. सकाळी सहाला पहिली बॅच, मग नऊला, मग दुपारी. तेच प्रकरण दिवसातून चार वेळा. पोरांना चार पर्यायांतला बरोबर पर्याय हवा असायचा, का ते नको असायचं. तिला सुरुवातीला याचा राग यायचा. पुढं येईनासा झाला, आणि ते तिला जास्त वाईट वाटलं.

घरी तिनं एवढंच सांगितलं होतं की प्रकल्प संपला. आनंदराजांनी खोलात विचारलं नाही.

दोन वर्षांनी, एका गुरुवारी, नऊची बॅच सुटल्यावर ती खाली आली तर ऑफिसमध्ये मुखेडकर सर बसले होते. लातूरला कशाच्या तरी उद्घाटनाला आले होते. केस आणखी पांढरे झाले होते. शिवशंकरनं एवढा मोठा माणूस आला म्हणून स्वतःची खुर्ची दिली होती आणि नारळपाणी मागवायला बाहेर पळाला होता. सरांनी तिच्या आईवडिलांची चौकशी केली. तब्येत उतरलीय म्हणाले. मग सरळ मुद्द्यावर आले. त्या जागी हायड्रेट का नव्हतं यावर ते संशोधनपर पेपर लिहीत होते. ठळक रेघ दिसूनही साठा का नसतो, हे जगाला हवं आहे, फसलेल्या जागेतूनच खरं शिकायला मिळतं, असं ते म्हणाले. पुन्हा सगळं टिपायला वेळ जाईल. गंधारनं सांगितलं की पहिले आकडे तुझ्या वहीत आहेत.

"गंधारला आठवले का?" तिनं विचारलं.

"बुद्धप्रिया, तुझे आकडे बरोबर होते. मला ते तेव्हाही कळलं होतं बहुतेक. माणूस कधीकधी स्वतःलाच कळू देत नाही."

खोलीत कूलरचा आवाज होता. एवढं वाक्य ऐकायला ती तीन वर्षं तळमळली होती आणि आता ते ऐकून तिला काहीच झालं नाही.

"हे समितीला लिहून द्याल, सर?"

"ती समिती आता कुठं आहे? विषय मिटला तो. पेपरमध्ये तुझं नाव घालतो की, लेखकांत दुसरं."

"पेपरात नको. मला पत्र पाहिजे. तुम्ही आत्ता म्हणालात तेवढं एक वाक्य, तुमच्या सहीचं."

सरांनी तिच्याकडं पाहिलं. त्यांच्या नजरेत राग नव्हता. एखादं पोर हट्टाला पेटलं की थोरली माणसं बघतात तसे ते बघत होते. "तुझ्यासारख्या मुलीनं कडवट होऊ नये," ते शेवटी म्हणाले.

"वही मिळणार नाही, सर," ती म्हणाली आणि पुढच्या बॅचला वर गेली. फळ्याकडं तोंड करून तिनं डेरिव्हेशन लिहायला घेतलं, दोनदा चुकली, दोनदा पुसलं. खाली शिवशंकर नारळ घेऊन आला तेव्हा सर निघून गेले होते.

वही न दिल्यानं काही अडलं नाही. सात महिन्यांनी पेपर आला. गंधारनं सगळं नव्यानं टिपलं होतं, तो आता सहायक प्राध्यापक होता आणि पेपरात त्याचं नाव सरांच्या नावापाठोपाठ होतं. शेवटी आभारांच्या यादीत संगणक दुरुस्त करणाऱ्या माणसानंतर बी. सोनकांबळे असं नाव होतं. तिनं वही काढून एकेक आकडा ताडून पाहिला. बहुतेक जुळले. लाइनच्या दक्षिण टोकाला मात्र गंधारनं घाई केली होती. तिथं तळाला एक भेग होती, तिच्याजवळ वेग किंचित वाढत होता, थोडं हायड्रेट तिथंच साठलं असणार. तिच्या वहीत ते होतं. पेपरात ती जागाही कोरी म्हणून लिहिली होती. तिनं नियतकालिकाला एक टिपण पाठवलं. तीन आठवड्यांनी उत्तर आलं, आपली संस्था कोणती आणि मूळ नोंदी आपल्याकडं आहेत का? संस्थेच्या रकान्यात शिवशंकरच्या क्लासचं नाव तिनं लिहून पाहिलं, मग ते पान बंद केलं.

त्या रविवारी ती उदगीरला गेली आणि जेवण झाल्यावर तिनं वडिलांना सगळं सांगितलं. पहिले आकडे, कडेला टिपणं, सत्कार, चिखल, समिती, वही, सगळं. नागुबाई भांडी तशीच ठेवून दाराशी येऊन बसली. शेवटी आनंदराजांनी विचारलं, "मग तुझे पहिले आकडे खरे निघाले न्हवं?"

"हाव."

"मग ते तरी झालं."

"काय झालं, बाबा?" तिचा आवाज एकदम वाढला. वडिलांशी ती असं कधी बोलली नव्हती. "खरं दिसत असून मी खोटं टिपलं. कुणी हात धरला नव्हता. तुम्ही उभं राहून टाळ्या वाजवल्या त्या खोट्या आकड्यांना वाजवल्या."

आनंदराज म्हणाले, "गावात अजून तेच चालू हाय. आनंदराजच्या पोरीनं गॅस शोधला म्हणून. मी काय मोडता घातला न्हाई."

"तुम्हाला माहीत होतं?"

"प्रकल्प संपला म्हणून कोण असं वाळून येतंय. काहीतरी झालंय एवढं कळत होतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते तिला बसस्टँडवर सोडायला आले. तिथला हॉटेलवाला ईश्वरप्पा आनंदराजांचा जुना ओळखीचा. त्यानं दोन चहा पुढं केले आणि बुद्धप्रियाला पाहून गल्ल्यावरून उठून आला. त्या समुद्रातल्या गॅसचं काय झालं म्हणून त्यानं कौतुकानं विचारलं. सिलिंडर कधी स्वस्त होणार, एवढं सांग म्हणाला. बाकावरचे दोघं-तिघं तिच्याकडं वळून पाहू लागले.

बुद्धप्रियानं ग्लास खाली ठेवला.

"तिथं गॅस न्हाई, काका. लई थोडा हाय. मी चुकीचं सांगितलं होतं."

ईश्वरप्पानं आनंदराजांकडं पाहिलं. आनंदराज मान वळवून फलाटाकडं, लातूरची गाडी लागली का ते बघत राहिले. त्यांचे कान लाल झाले होते.

"निघंल की," ईश्वरप्पा समजुतीच्या सुरात म्हणाला. "आज न्हाई तर उद्या निघंल. तू शोधत राहा."

तिनं राहिलेला चहा संपवला. गाडी लागली होती. आनंदराजांनी तिची बॅग उचलून वर ठेवली, खिडकीशी जागा धरून दिली, आणि गाडी सुटायची वाट न बघता ते स्टँडबाहेर चालू लागले.